पगार थांबला तेव्हा : वऱ्हाडातल्या साडेचार वर्षांचे अनुभव

जून २०२० मध्ये अकोल्यातल्या ज्या खासगी शाळेत मी नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवत होतो, तिथून फोन आला. "सध्या येऊ नका सर, कळवतो." मार्चचा पगार अर्धा मिळाला होता, एप्रिल-मेचा आलाच नव्हता. पुढे कोणी काही कळवलं नाही. तेव्हा माझं वय ३४, शिक्षण एम.एस्सी., बी.एड., घरात पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. दर्यापूर तालुक्यात वडिलांची चार एकर जमीन, तीही खारपाणपट्ट्यातली. खाली पाणी आहे, पण खारं. त्यावर ओलीत होत नाही. पाऊस देईल तेवढंच पीक. डाबकी रोडवरची भाड्याची खोली सोडून आम्ही अमरावतीत कठोरा नाक्याजवळ दोन स्वस्त खोल्यांत आलो. दर महिन्याला पुन्हा पगार सुरू व्हायला साडेचार वर्षं लागली.

त्या काळात मी जी कामं केली, ज्यांत फसलो आणि ज्यांनी घर चाललं, ते सगळं लिहून ठेवतो आहे. आज अमरावतीच्या अभ्यासिकांत सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बसणारी शेकडो पोरं-पोरी मी बघतो. त्यांतल्या अनेकांच्या घरी पैशांची वाट बघणारं कोणीतरी असतं. हे त्यांच्यासाठी.

१. आधी महिन्याचा आकडा काढा

पहिले तीन महिने मी फक्त अर्ज पाठवले. शाळा बंद होत्या, कोणी उत्तर देत नव्हतं, आणि मी रोज तेच करत होतो. एका रात्री पत्नीने मुलीची वही घेतली आणि लिहायला बसली : भाडं ३,०००, किराणा ३,५००, दूध, गॅस, मोबाईल, वीज, वडिलांची औषधं. बेरीज ९,६०० झाली. "अहो, नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. आपल्याला सध्या नऊ हजार सहाशे पाहिजेत," ती म्हणाली. तोवर मला २५ हजारांची नोकरी शोधायची होती, आणि ती कुठेच नव्हती. ९,६०० रुपये मात्र तुकड्या-तुकड्यांनी जमवता येतील असं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

आणखी एक. अडचणीत माणूस आधी दुचाकी विकायला काढतो. मीही काढली होती, गिऱ्हाईकही आलं होतं. सासऱ्यांनी अडवलं. पुढचं माझं एकही काम त्या गाडीशिवाय झालं नसतं. सोनं मोडावं लागलं तर मोडा, पण गाडी आणि मोबाईल राहू द्या.

२. वऱ्हाडात पैसा कोणत्या महिन्यात फिरतो ते ओळखा

हा माझा सगळ्यांत मोठा धडा, म्हणून सविस्तर सांगतो. पुण्या-मुंबईत पैसा एक तारखेला फिरतो. आपल्याकडे तो पिकासोबत फिरतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी होते, माल बाजार समितीत जातो, चुकारा हातात पडतो आणि आठ दिवसांत अकोल्याच्या गांधी रोडवर आणि अमरावतीच्या राजकमल चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. मग कापूस, पहिला वेचा, दुसरा वेचा करत संक्रांत गाठतो. जानेवारी-फेब्रुवारीत तूर, तिच्या मागोमाग हरभरा. वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे तुटतो आणि मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई, ती मे अखेरपर्यंत. एकदा मृग लागला की हे सगळं थांबतं. घरात उरलेला पैसा बियाण्यात आणि खतात जातो, आणि पोळ्यापर्यंत खेड्यातल्या माणसाच्या हाती काही राहत नाही.

हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण मास्तरकीच्या दहा वर्षांत विसरलो होतो. पहिल्या पावसाळ्यात कोरोनाची भीती असूनही मी शिकवणीची पत्रकं वाटली. तीन मुलं आली आणि एकाचीही फी आली नाही. त्यांच्या आईबापांवर मी मनातल्या मनात चिडलो. एक दिवस त्यातला एक बाप भेटला आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, सोयाबीन निघू द्या, सगळ्यात आधी तुमचे देतो." दसरा झाल्यावर तो खरोखर आला, सोबत दोन किलो मुगाची डाळ घेऊन. माणूस खरा होता, मीच चुकीच्या महिन्यात पैसे मागत होतो.

त्यानंतर वहीच्या मधल्या दोन पानांवर बारा महिने लिहिले आणि प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात लोकांना कशाची गरज असते ते मांडलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पीक पाहणी आणि अर्ज. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अडत दुकानात लिहिणावळ. अकोल्याच्या बाजार समितीत एका अडत्याकडे मी दोन हंगाम काटापट्ट्या आणि हिशोबपट्ट्या लिहिल्या. डिसेंबरपासून लग्नं. मार्च ते मे डाळ, पापड, कुरड्या. सगळ्यांत कोरडे जून-जुलै. त्या दोन महिन्यांसाठी कोणतं काम आहे हे शोधायला मला पूर्ण एक वर्ष लागलं. ते पुढे सांगतो.

३. शिकवणी घ्या, पण फी बापाच्या कमाईच्या चालीने घ्या

बेरोजगार पदवीधराला पहिला सल्ला मिळतो तो शिकवणीचा. सल्ला चांगला आहे. मात्र अमरावतीत गल्लोगल्ली शिकवण्या आहेत, त्यात नवखा माणूस दिसतही नाही. मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या आणि त्यांनी फरक पडला.

वर्षाची फी ६,००० ठेवली आणि ती कशी द्यायची हे प्रत्येक घरानुसार ठरवलं. वडील ऑटो चालवतात त्यांनी दर रविवारी दीडशे रुपये द्यायचे. शेती आहे त्यांनी अर्धे दिवाळीला, अर्धे संक्रांतीनंतर. नोकरदारांनी महिन्याला. वही ठेवली, तारखा लिहिल्या, सही घेतली. पहिल्या वर्षी निम्मी फी बुडाली होती. पद्धत बदलल्यावर १८ मुलांपैकी दोघांचीच राहिली.

दुसरी गोष्ट पुरवणी परीक्षेची. दहावीचा निकाल लागतो, गणितात राहिलेल्या मुलाला घरात बोलणी बसतात, आणि थोड्याच आठवड्यांनी त्याला पुन्हा पेपर द्यायचा असतो. मोठे क्लास तेव्हा नव्या बॅचच्या जाहिरातींत गुंतलेले असतात. या मुलांकडे कोणाचं लक्ष नसतं. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, पण २०२२ ला निकाल जूनमध्ये आणि पुरवणी परीक्षा जुलैअखेर, असा काळ मिळाला. अकरा मुलं मिळाली, रोज अडीच तास, प्रत्येकी १,५०० रुपये. अकरापैकी आठ पास झाली. आईबाप या महिन्यात कुठून पैसे आणतात ते मला कळत होतं, म्हणून दोघांकडून मी काही घेतलं नाही. तरीही जून-जुलै निघाले. शिवाय ही मुलं ज्या तऱ्हेने शिकतात तशी हुशार मुलंही शिकत नाहीत. अपूर्णांकापासून सुरुवात करावी लागते, आणि एकदा समजलं की त्यांचा चेहराच बदलतो. शिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त समाधान त्या पाच आठवड्यांनी दिलं.

४. मोबाईल वापरता येतो, तर त्याचं काम करा

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात उभं राहून, मोबाईलवर गट क्रमांक निवडून, पिकाचं नाव आणि क्षेत्र भरून फोटो टाकायचा. सोपं वाटतं. आमच्या गावातल्या साठी ओलांडलेल्या माणसांना ते अजिबात सोपं नव्हतं.

पहिल्यांदा मी हे शेजारच्या एका काकांसाठी केलं. काळी जमीन, आदल्या रात्री पाऊस झालेला, चपलेला चार-चार किलो चिखल. धुऱ्यावर उभे राहिलो. फोनमध्ये जागा नाही, म्हणून नातवाचे व्हिडिओ काढले, ॲप घेतलं. काका म्हणाले, "टाक पराटी, झालं." पण वावरात कपाशीच्या सहा तासांनंतर (ओळींनंतर) तुरीचं एक तास होतं. सगळं क्षेत्र कापूस म्हणून टाकलं असतं तर सातबाऱ्यावर तूर आलीच नसती, आणि जानेवारीत हमीभावाने तूर विकायला नोंदणी करताना ती अडली असती. म्हणून मिश्र पीक निवडलं, तासं मोजून दोन्हींचं क्षेत्र वेगळं काढलं, फोटो घेतला. मग रेंज येईना. कडुनिंबाखाली वीस मिनिटं थांबून एकदाचं 'अपलोड' झालं. काकांनी पन्नासची नोट काढली. मी नको म्हणालो. ते रागावले. "दिवसभर फिरून राहिला तू माह्या वावरात. ठेव!"

त्या नोटेने मला रस्ता दाखवला. त्या हंगामात एका गटाचे पन्नास रुपये या हिशोबाने मी दिवसाला आठ-दहा जणांची पाहणी केली. पुढे हे काम वाढतच गेलं. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कपास निगमला कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि व्यापारी त्याहून कमी देत असताना ज्यांची कागदपत्रं नीट होती त्यांनाच तो मिळाला. गावातल्या शिकलेल्या पोराला हे काम येत असेल तर तो गावाच्या पैशाची राखण करतो, आणि स्वतःही कमावतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जो अर्ज सरकारने फुकट किंवा नाममात्र ठेवला आहे, त्यावर लूट करू नका. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं पीक विमा शेतकऱ्याला एक रुपयात होता, आणि सामूहिक सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनी ४० रुपये देत होती. तरी शंभर-शंभर रुपये घेणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली. वावरात जाऊन, चिखल तुडवून केलेल्या कामाचे पैसे घ्या. खुर्चीत बसून गरजवंताकडून वरचे पैसे काढू नका.

५. वाढायला लाजू नका

डिसेंबर २०२१. बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मी पहिल्यांदा वाढपी म्हणून गेलो. बिछायत केंद्र चालवणारा माणूस माझ्या गावचा. त्याने चारदा विचारलं, "सर, तुमाले जमन काय?" जमेल म्हणालो, पण बादली हातात घेतली आणि पाय उचलेना. समोर दोनशे माणसांची पंगत. कोणीतरी ओळखेल या विचाराने कपाळावर घाम आला. आचारी सत्तरीचा होता. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "सर, लोकाईले जेवाले लाज नाई वाटत, मंग आपल्याले वाढाले काऊन वाटाव?"

मी वाढलं. त्या रात्री ४०० रुपये मिळाले, घरी न्यायला बुंदीही मिळाली. पुढच्या तीन सराईंत साक्षगंध, लग्न, तेरवी मिळून मी दीडशेच्या वर पंगती वाढल्या असतील. दुसऱ्या वर्षी मालकाने हिशोब माझ्याकडे दिला : किती पानं, किती ताटं, किती गाद्या गेल्या नि किती परत आल्या. मजुरी ७०० झाली.

गाडगेबाबा आपल्याच मातीतले. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव त्यांचं जन्मगाव, आणि २० डिसेंबर १९५६ ला ते गेले तेही अमरावतीला येताना, वलगावजवळ. गावात आले की ते आधी हातात खराटा घेत, गाव झाडत, आणि मग भाकर मागत. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आपल्या शहरात आहे, त्या विद्यापीठाची पदवी आपल्या भिंतीवर आहे. मला त्या पंगतीत हे आठवलं आणि बरं वाटलं. मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की बाबा लग्नात जेवण वाढतो. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

६. एखादं यंत्र चालवायला शिका

माझ्या कमाईचा सर्वांत भरवशाचा भाग डाळीने दिला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली 'पीकेव्ही मिनी दाल मिल' वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत बचत गटांकडे, तरुणांकडे दिसते. दर्यापूरच्या एका मित्राने ती घेतली होती. फेब्रुवारी ते मे हा तिचा हंगाम; तूर घरात आलेली असते, ऊन कडक असतं, आणि घरोघरी वर्षाची डाळ करून ठेवायची असते.

मी तिथे २०२३ चा पूर्ण हंगाम गुत्त्याने काम केलं. काम असं : बाया गोणीतून तूर आणतात, वजन करून चिठ्ठी लावायची. आधी चाळणीने माती-काडी काढायची. मग तूर रोलरमधून एकदा जाते, तेव्हा दाण्याच्या टरफलाला नुसते ओरखडे पडतात. त्या दाण्याला तेलाचा हात लावून उन्हात पसरायचं, मग पाणी मारायचं, पुन्हा वाळवायचं. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या फेरीला टरफल सुटतं आणि डाळ फुटते. एकीकडे डाळ, दुसरीकडे चुनी, तिसरीकडे कोंडा. चुनी गुरांना चालते, तीही गोणीवाली घेऊन जाते. तूर चांगली असली तर क्विंटलमागे ७० किलोंच्या आसपास डाळ पडते.

सगळी कला वाळवण्यात आहे. दाणा ओला राहिला तर डाळ चिरडते, जास्त सुकला तर तुकडा होतो. मित्राची आई यंत्राजवळही येत नसे, पण तिने एक दाणा दाताखाली धरून कट आवाज ऐकला की मगच माल रोलरला लागे. मला तो आवाज ओळखायला दीड महिना लागला. त्या एप्रिलमध्ये अवकाळी पावसाने चार वेळा पळवलं. ताडपत्री ओढता ओढता हात सोलले. एकदा तीन क्विंटल माल भिजला. रात्री पंखे लावून, आलटून-पालटून जागून तो वाचवला. बायांना तसं सांगितलं, लपवलं नाही. त्यातल्या सगळ्या पुढच्या वर्षी परत आल्या.

त्या चार महिन्यांत माझे खर्च जाऊन ३८ हजार सुटले. पदवीचा इथे थेट उपयोग नव्हता, पण ओलावा, तापमान, वजन यांची नोंद ठेवायची सवय मला विज्ञानाने लावली होती, आणि त्या नोंदींमुळे दुसऱ्या हंगामात तुकडा कमी पडला. जवळ विद्यापीठ आहे, अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूरची कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथे जाऊन विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

७. घरातल्या बाईच्या कामाला भाव लावा

पत्नी आणि सासूबाई दरवर्षी कुरड्या, मूगवड्या, ज्वारीच्या बिबड्या करत आणि नातेवाइकांना वाटत. २०२२ च्या मार्चमध्ये पत्नीने नात्यातल्याच तिघींना सांगितलं की यंदा विकत देईन. पहिल्यांदा तिने फक्त गव्हाचे, तेलाचे पैसे धरून भाव काढला. मी विचारलं, पहाटे चारला उठून चीक शिजवलास, त्याचे किती? ती गप्प राहिली. आम्ही घड्याळ लावून तास मोजले आणि तासाचे ४० रुपये धरले. भाव दीडपट झाला. एकीने नाक मुरडलं, बाकीच्यांनी घेतलं.

अन्न सुरक्षेची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, उद्यम नोंदणी फुकट आहे. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्याकडे जाऊ नका.

उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० सालची. नवऱ्याचा धंदा बसल्यावर राबून राबून संसार ओढणारी कौतिक त्यात आहे. वऱ्हाडात ती प्रत्येक गल्लीत आहे. मला नोकरी नव्हती तेव्हा लोक मला बेरोजगार म्हणत; पत्नी माझ्याआधीपासून राबत होती, तिच्या कामाला कोणी रोजगार म्हटलं नव्हतं.

८. सरकारी योजना वाचा, मात्र घर त्यांच्या भरवशावर ठेवू नका

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला वाट दाखवली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पगारदारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ पासून याच कामासाठी लावला गेला. माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तिच्या बोलण्यात ते काम म्हणजे अपमान नव्हता, पोरं जगली हे होतं. गावी असाल तर रोजगार हमीचं कार्ड काढून ठेवा.

शिकलेल्यांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली : सहा महिने काम, बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. माझं वय पस्तीसच्या पुढे गेल्याने मला ती मिळाली नाही, पण माझ्या दोन विद्यार्थ्यांना मिळाली. त्यांना मी एवढंच म्हटलं की सहा महिन्यांनी काय करायचं ते पहिल्याच महिन्यात ठरवा.

कर्जाच्या योजनांत अनुदान ऐकून पोरं हुरळतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात २५ टक्के, आणि महिला व राखीव प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान आहे हे खरं, पण ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं. हप्ता पहिल्या वर्षीच सुरू होतो. ज्या धंद्यात एक हंगाम दुसऱ्याकडे मजुरी केली नाही, त्यासाठी कर्ज काढू नका. आरसेटीत, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, प्रशिक्षण मोफत मिळतं, ते आधी घ्या.

९. नोकरीसाठी पैसे देऊ नका

घरबसल्या माहिती भरायच्या कामासाठी २०२० च्या दिवाळीत मी साडेसात हजार 'नोंदणी शुल्क' भरलं. पैसे गेले. तेव्हा कुठे कळवायचं ते मला ठाऊक नव्हतं. आज ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तासाभरात कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

याहून मोठी फसवणूक कायम शिक्षकाच्या जागेची. एका संस्थेच्या माणसाने आकडा सांगितला तेव्हा वडिलांनी रात्रभर विचार करून दोन एकर विकायची तयारी केली होती. सकाळी मी नाही म्हणालो. माझ्या ओळखीच्या तिघांनी वावर विकून पैसे दिले. एकाच्याही नेमणुकीला मान्यता मिळाली नाही. वावर गेलं ते गेलंच.

१०. अभ्यासाला तास ठरवा

स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर द्या. रोज चार तास ठरवा, किती वर्षं देणार तेही लिहून ठेवा, आणि उरलेल्या वेळात कमवा. पहाटे चार ते सहा वर्तमानपत्रं टाकून मग अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा आमच्या गल्लीत होता. दोन वर्षं घरून एक रुपया न मागता त्याने पोलीस भरती गाठली.

११. केलेल्या कामाचे पैसे वसूल करा

मागायला मला फार जड जात असे. शिकवणीचे, अडतीचे, डाळीचे मिळून माझे एकदा १४ हजार लोकांकडे अडकले होते आणि त्याच महिन्यात मुलीच्या तापावर औषधांना पैसे नव्हते. त्यानंतर नियम केला : काम ठरतानाच रक्कम आणि तारीख बोलायची, थोडा इसार घ्यायचा, आणि तारीख उलटली की तिसऱ्या दिवशी स्वतः दारात जायचं. फोन करायचा नाही, जायचं. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, आवाज चढवायचा नाही, आणि पैसे घेतल्याशिवाय उठायचं नाही. बहुतेकांनी दिले. अनेकांनी विसरलो म्हणून माफीही मागितली. उशीर करणारे बरेचसे सुस्थितीतले होते. गरिबाची उधारी चुकाऱ्याच्या आठवड्यात फिटत आली.

म्हणून शेवटची विनंती नोकरी असलेल्यांना. तुमच्या घरी शिकवायला येणाऱ्या पोरीची फी, लग्नात वाढायला आलेल्या मुलांची मजुरी, शेजारच्या वहिनींच्या कुरड्यांचे पैसे राहिले असतील तर ते या आठवड्यात देऊन टाका. तिकडे कोणाच्या तरी वहीत ती रक्कम किराण्याच्या खात्यात आधीच लिहिलेली आहे.